अमरावतीचं लाइट रिफ्रेशमेंट

अकोल्यात पोरांना इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे शब्दांच्या बाबतीत मी जरा खडूस आहे. कुणी दुपारच्या कचोरीला ब्रेकफास्ट म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणून गेल्या हिवाळ्यात अमरावतीहून भाचीचा फोन आला, "मावशी, आईले तूच समजाव," तेव्हा मी खूश झाले.

भाचीचं लग्न पुण्याच्या मुलाशी ठरत होतं. त्याचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते. त्याची आई फोनवर म्हणाली होती, "फार काही करू नका हं." भाचीने ते अगदी मनावर घेतलं. आपल्या आईच्या आग्रहाने होणारी सासू बिचकेल, या धास्तीने पोरगी अर्धी झाली होती. लाइट रिफ्रेशमेंट, त्यापलीकडे काही नको, असं तिचं म्हणणं.

मग मी धाकट्या बहिणीचा फोनवरच वर्ग घेतला. स्नॅक म्हणजे दोन जेवणांच्या मध्ये तोंडात टाकायचं. रिफ्रेशमेंट म्हणजे आल्यागेल्याला तरतरी यावी म्हणून काही प्यायला, सोबत थोडं खायला. हाय टी म्हणजे, आपले हॉटेलवाले काही का म्हणेनात, मुळात विलायतेतल्या कष्टकऱ्यांचं संध्याकाळचं भरपेट खाणं. ते आपल्याला नकोच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग जेवाले काय करू?"

"जेवण नाहीच."

"ताई, घरी आलेल्या मानसाले बिस्किट दाखवून वापस पाठवू?"

पण लेकीसाठी ती कबूल झाली.

ठरलेल्या दिवशी मीही अमरावतीला पोचले. पाच वाजता पाहुणे आले. काचेच्या बशांत बिस्किटं, काजू, सोबत लिंबाचं सरबत. मला फार नेटकं वाटलं. बहीण मात्र परक्या घरी आल्यासारखी बसली होती. मुलाच्या आईने एक बिस्किट खाल्लं, मग दुसरं. वडिलांनी बशीतला शेवटचा काजू उचलला.

शेवटी बाईच म्हणाल्या, "आत काही तळलंय का? वास छान येतोय."

बहिणीने दुपारी सांभारवड्या तळल्या होत्या, कोथिंबिरीचं सारण भरून. घरच्यांसाठी, असं ती म्हणत होती. होत्या मात्र लग्नघराला पुरतील एवढ्या. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "वऱ्हाडात जायचं म्हणून आम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही. सगळ्यांनी बजावलं होतं, तिथे पोट फुटेस्तोवर वाढतात."

"पन फार काही करू नका म्हनलं होतं न तुमी?" बहिणीने विचारलं.

"ते म्हणायचं असतं हो."

मग बहीण जी उठली! बाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या आणि पदर खोचून तिथेच पाट घेऊन बसल्या. वड्या आल्या, कढी आली, दह्यातले गिले वडे आले. होणाऱ्या सुनेने वाढलेलं त्या नाही म्हणत नव्हत्या, आणि भाची कितीतरी दिवसांनी मोकळी हसत होती. मला इतकं बरं वाटलं की मीही एक वडी उचलली.

"तुम्ही इंग्रजीच्या ना?" बाईंनी मला विचारलं. "मग याला काय म्हणायचं, स्नॅक्स की हाय टी?"

मी घसा साफ केला. पण बहीण आधीच बोलून गेली.

"हा तं चहा झाला. जेवन अजून व्हायचंच हाये."

सासूबाईंनी ऐकलं आणि खुशाल मांडी घालून नीट बसल्या. भाचीने, मला काही न विचारता, पानं मांडायला घेतली.