केशरी खोकड घेऊन निलंगा ते विष्णुपुरी

मी गेले ती भीतीपोटी, हे आधीच सांगून टाकते. माझी नात अंकिता बावीस वर्षांची, नांदेडला इंजिनिअरिंग शिकते. कार्टूनमधली दोन पायांवर चालणारी, बोलणारी जनावरं तिला लहानपणापासून लई आवडतात. तसली आवड असणाऱ्यांना फरी म्हणतात म्हणे. प्रत्येकानं आपलं एक जनावर ठरवायचं, नाव द्यायचं, चित्रं काढायची, जमलं तर अंगावर चढवायचं. हिचं खोकड, कोल्ह्याचा बारका भाऊ, नाव केशर. सुट्टीत घरी बसून स्पंज आणि लोकरी कापडाचं मुंडकं, पंजे, झुपकेदार शेपूट शिवली. पहाटे खुंटीवर ते मुंडकं बघून माझी बोबडीच वळली होती! पण शिवण अशी नामी, की मीच शेजारणींना बोलावून दाखवलं.

नांदेडजवळ विष्णुपुरीला तिच्यासारखी तिघं जमणार होती. एकटी पोरगी, त्यात हे सोंग. म्हटलं, मी येणार. चौथी शिकले मी, हे सगळं मोबाइलवर एका बोटानं लिहिलंय, चुकलं तर गोड मानून घ्या.

निलंग्याहून सकाळची एसटी धरा, उन्हाच्या आत लातूर गाठता येतं. यंदा लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, हॉटेलवाला भज्याची प्लेट देई पण पाण्याला हात जोडी. तेव्हा पाणी घरून न्या. लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेड. मला अर्धं तिकीट.

गाडीत नव्या जिल्ह्याचं भांडण रंगलं होतं, उदगीर होणार का दुसरंच कुठलं. कंडक्टर म्हणाला, "जिल्हा कुठलाबी करा, नळाला पाणी सोडा म्हणावं." सगळे हसले, मी तर पोट धरून.

अहमदपूर सोडलं आणि गाडी थांबली. रस्त्यात घागरी मांडून बाया बसलेल्या. टँकर आल्याशिवाय वाट देणार न्हाई. तास गेला. उकाड्यानं आम्ही खाली उतरलो, लिंबाखाली बसलो. अंकितानं बाटली काढायला पिशवी उघडली आणि केशरचं मुंडकं बाहेर लोळलं.

एक बाई किंचाळली, "मुंडकं! जनावराचं मुंडकं हाय!"

घोळका झाला. एक जण म्हणाला, "पाऊस बांधायला निघाली म्हातारी. भानामती करणारी हाय ही."

आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, भानामती-करणी कुणी मानत न्हाई. पण ते ऐकणार कोण?

"गाव कोणतं? आडनाव काय?" हिरव्या लुगड्यातली म्हातारी पुढं आली.

आडनाव ऐकून माणसं काय-काय ठरवतात ते मी जन्मभर बघितलंय. तोंडातून गाव निघालं, तेबी खोटं. मागं कुणीतरी काठी आपटली.

तेवढ्यात अंकितानं मुंडकं उचलून डोक्यात घातलं. हातात पंजे चढवले. "बघा मावशी, स्पंज हाय. मी शिवलंय. खेळणं हाय नुसतं." आवाज आतून दबका येत होता. ती जागच्या जागी गोल फिरली.

कुणीच हसलं न्हाई. मग हिरव्या लुगड्यातली म्हणाली, "अगं बयो, ही तर धोंडी!"

पाऊस लांबला की आमच्याकडं एकाला लिंबाच्या डहाळ्यांनी मढवून दारोदार फिरवतात, त्याला धोंडी म्हणतात. बाया त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. इथं तर खोकडच लिंबाखाली उभं! घागरी रिकाम्या, तरी कुणी तांब्यातलं, कुणी लेकराच्या बाटलीतलं पाणी आणलं. म्हातारीनं पहिली धार धरली. माझा जीव त्या वाया जाणाऱ्या पाण्यासाठी तुटत होता आणि पोरगी गुदमरेल म्हणूनबी. चहूकडून हात. ओढत होते, शिवत होते, पाया पडत होते. मी ओरडले, "पुरे गं मायांनो, लेकरू हाय आत!"

टँकरचा हॉर्न वाजला तेव्हा बाया तिकडं पळाल्या. जाता जाता म्हातारी म्हणाली, "पाऊस पडला तर तुझ्या गावाला येऊ, ओटी भरायला." आणि न्हाई पडला तर? ते मी विचारलं न्हाई.

लोहा आलं तशी अंकितानं पिशवी सीटखाली ढकलली. मग म्हणाली, "आज्जे, टाकून देते मी हे."

"वेडी का काय? अख्खी सुट्टी शिवत बसलीस."

विष्णुपुरीला धरणाकाठी एक ससा, एक लांडगा, एक हरीण वाट बघत होते. लई गुणी लेकरं, मला बघून "आजी, आजी" करत अर्धापूरची केळी पुढं केली. केशर ओलीच होती. मी उन्हात धरली, माझ्या फणीनं केस विंचरले, तरी अंकिता घालायला तयार न्हाई. मग मीच डोक्यात घातली. लेकरं टाळ्या पिटत होती. आत अंधार, ओला वास, डोळ्यांना जाळीची दोन बारकी भोकं. समोरच्याची कंबर आणि हात तेवढे दिसत, तोंड कुणाचंच न्हाई. माझी पोरगी तिथं रस्त्यावर, त्या घोळक्यात एवढंच बघत उभी होती. काढून तिच्या हातात दिली, आणि आजीनं घातली म्हटल्यावर तिनंबी घातली. फोटो झाकड पडून दिसेनासं होईस्तोवर चालले.

घरी येऊन महिना झाला. ढग येतात आणि जातात. गाव खोटं सांगितलंय, तरी दारात अनोळखी लुगडं दिसलं की मी आत सरकते. काल अंकिताचा फोन आला, केशरचं दुसरं डोकं शिवतेय. "आज्जे, डोळे केवढे ठेवू?"

म्हटलं, "मोठे ठेव बाई. दिसायला बेढब झालं तरी चालंल. समोर कोण उभं हाय, त्याचं तोंड तुला दिसलं पाहिजे."