आतोबांचा विरोध

माझ्या आतोबांइतका विरोध करणारा माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि इतका विरोध करूनही ज्याच्यावर कुणी फार वेळ रागावू शकलं नाही, असा तर नक्कीच झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडची मंडळी मुहूर्तावर खूश होती, आणि तेवढ्याच कारणावरून त्यांनी मुहूर्त बदलायला लावला, असं माझे वडील सांगत. समुद्राकाठच्या त्या लहानशा गावाला नगरपालिका होती आणि आतोबा तिच्यावर पुन्हा पुन्हा निवडून येत. घरची नारळी-पोफळीची वाडी आत्या बघायची. आतोबांचं सगळं लक्ष सभेत. सभेच्या दिवशी जेवण झालं, की कोकणातल्या त्या घामट हवेत ते धोतरावर काळा लोकरी कोट चढवत, गळ्यापर्यंत बटणं लावत आणि छत्री घेऊन असे निघत, की जणू दिल्लीला चालले आहेत.

मी त्या गावात शाळामास्तर म्हणून लागलो आणि आत्याकडेच राहू लागलो. स्वातंत्र्याला थोडीच वर्षं झाली होती. तंबूतला सिनेमा पावसाळा सरल्यावर यायचा. एरवी गावाची करमणूक म्हणजे नगरपालिकेची सभा. मागची बाकं भरलेली असत, आणि लोक येत ते आतोबांसाठी. त्यांचं एक तत्त्व होतं. "एकमताने फक्त मढ्याला खांदा द्यावा," ते म्हणत, "बाकी प्रत्येक कामाला निदान एक तरी विरोध हवा. नाहीतर काम आळशी होतं." एस.टी. थांब्यापाशी दिवा लावायचा ठराव आला तेव्हा त्यांनी विरोध केला, कारण उजेड पडला की रस्ता किती वाईट आहे ते लोकांना दिसेल. दिवा लागला, आणि पंधरवड्यात रस्त्याबद्दलच्या अर्जांचा ढीग पडला. त्यांच्या साठीला कुणीतरी अभिनंदनाचा ठराव मांडला. आतोबांनी त्यालाही विरोध केला, आणि तो इतक्या जोरकस मुद्द्यांनी, की दोघातिघा सभासदांना ते पटलं आणि त्यांनी आतोबांच्या विरोधात, म्हणजे आतोबांच्या बाजूने, मत दिलं. त्यांच्यासाठी आणलेला हार तसाच टेबलावर राहिला. शेवटी तो शिपायाने घरी नेला.

ही सवय घरीही सुटत नसे. पानावर बसल्यावर ते म्हणत, "आमटीत मीठ कमी आहे, अशी सूचना मांडतो."

"अनुमोदन कोण देणार?" आत्या विचारायची.

आतोबा माझ्याकडे बघत. मला त्या घरात रोज जेवायचं होतं, त्यामुळे मी मान खाली घालून भात कालवत राही.

"सूचना पडली," असं म्हणून आत्या त्यांना आणखी आमटी वाढायची.

नगरपालिकेचे अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक होते. सगळे त्यांना शेठ म्हणत. घराणं जुन्या मुसलमान व्यापाऱ्यांचं, बोलणं मऊ. आतोबांना ते काका म्हणत आणि त्यांचं सगळं सोसत. एकदा मुंबईहून मंत्री येणार असं ठरलं आणि शेठनी ठराव मांडला. नगरपालिकेच्या समोरच्या किनाऱ्यावर कोळणी मासळी सुकवत. ती जागा मोकळी करून तिथे कारंजं आणि बाग करावी, आणि मासळी खाडीपलीकडच्या खाजणात, तिथल्या खारट पाणथळ जमिनीवर, सुकवावी. या ठरावाला आतोबा विरोध करणार नाहीत अशी सगळ्यांची खात्री होती, कारण त्यांचं नाक गावात प्रसिद्ध होतं. समुद्राकडून वारा आला की ते कापूर बांधलेला रुमाल काढत आणि सभागृहाच्या खिडक्या बंद करायला लावत. कोळीवाड्याचे सभासद आजारी पडून मुंबईला मुलाकडे गेले होते. बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

"मंजूर?" शेठनी विचारलं. सगळे हात वर झाले.

"विरोध," आतोबा म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच दचकले. तोंडाने सवयीने काम केलं होतं. नाकाला कुणी विचारलंच नव्हतं.

"काका, मेहेरबानी करून कारण सांगा," शेठ म्हणाले.

आतोबांनी छताकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा छताकडे पाहिलं. "कारण पुढच्या सभेत देईन."

मागच्या बाकांवर हशा पिकला. चहा आलाच होता, म्हणून शेठनी विषय तहकूब केला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आतोबा मला घेऊन कारण शोधायला किनाऱ्यावर गेले. काळा कोट, नाकाला रुमाल. हिराबाई नावाची एक कोळीण वाळूवर जवळा पसरत होती. काठ्यांवर बोंबील लटकले होते. तिने यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय वो दादा, वास घ्याला आलाव?"

"तुम्हांला खाजणात जायला काय अडचण आहे, ते विचारायला आलो," आतोबा रुमालातून म्हणाले.

ती काही बोलणार, तोच जवळच्या झोपडीतून मूल रडायला लागलं. "नातू उठला," ती म्हणाली. "दादा, जरा कावलं हाकला. मी त्याला दूध पाजून येतंय." आणि गेली.

ती लवकर आलीच नाही. कावळे मात्र आले. आतोबांनी आधी शुक् शुक् करून पाहिलं, मग छत्री उगारली, मग धोतराचा सोगा वर खोचून ते त्या वाळूत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागले. मधेच एका कुत्र्याने बोंबील ओढला, त्याच्यामागेही गेले. रुमाल कुठे पडला ते त्यांना कळलं नाही. आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हिराबाई नातवाला काखेत घेऊन परत आली तेव्हा आतोबा लालबुंद होऊन एका उलट्या टोपलीवर बसले होते.

"आता समाजला?" ती म्हणाली. "घर हितं आन् मासली खाजनान, मंग पोराला बगू का कावल्यांना? पावसान दर्या बंद झाला का हीच सुकी मासली आमाला जगवते."

परत येताना आतोबांनी पडलेला रुमाल शोधलाही नाही.

पुढच्या सभेला हिराबाई आणि पाच-सहा कोळणी येऊन बसल्या. विषय निघताच ती उभी राहून बोलायला लागली. शेठनी हात जोडले. "बाई, प्रेक्षकांना बोलता येत नाही. कायदाच आहे तसा."

"अध्यक्षमहाराज," आतोबा उठले, "प्रेक्षकाने बोलू नये असा नियम आहे. सभासदाने प्रेक्षकाचं ऐकून बोलू नये, असा कुठे आहे?"

तसा नियम कुणाला सापडला नाही. मग हिराबाई त्यांच्या खुर्चीमागच्या बाकावर येऊन बसली. ती हळू बोलायची आणि आतोबा मोठ्याने, शब्दाला शब्द, आपल्या शुद्ध उच्चारात तेच म्हणायचे. "अध्यक्षमहाराज, कारंजा काय खावाचा हाय? अध्यक्षमहाराज, मी पोराला पाजू कवा, आन् मासली राखू कवा?" सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. शेठनी तोंडासमोर कागद धरला होता आणि तो कागद हलत होता.

मग हिराबाई काहीतरी म्हणाली आणि आतोबा थांबले. तिच्याकडे वळून बघत राहिले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि या वेळी अध्यक्षमहाराज न म्हणताच बोलले.

"माजा दादला दर्यान गेला. तवापास्नं मी हितं बसून पोराची व्होडी बगतंय. खाजनातनं दर्या दिसत न्हाय."

कुणी हसलं नाही. मत घेतलं तेव्हा दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि निर्णायक मत शेठवर आलं. त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"आमच्या आजोबांची गलबतं बसऱ्याला जायची," ते म्हणाले. "आमची दादी पण याच किनाऱ्यावर येऊन बसायची म्हणे. ठराव माझाच आहे. माझं मत त्याच्या विरोधात."

बाग मग शाळेसमोर झाली. मंत्री आले, त्यांनी किनाऱ्यावर उभं राहून खोल श्वास घेतला आणि ताजे बोंबील कुठे मिळतील ते विचारलं.

त्यानंतरच्या निवडणुकीत वॉर्ड बदलले, कोळीवाडा आतोबांच्या वॉर्डात आला आणि त्यांच्या समोर हिराबाईचा मुलगा उभा राहिला. आतोबा प्रचाराला निघाले, पण ज्या त्या ओटीवर बसून सांगायला लागले, की कोळीवाड्याचं कोळीवाड्याने बोलावं हेच बरोबर, दुसऱ्याने किती दिवस बोलायचं. लोकांना ते पटलं. आतोबा पडले. हार घेऊन ते स्वतः हिराबाईच्या घरी गेले आणि हसतमुखाने परत आले. पण त्या दिवशी ते अर्ध्या जेवणावरून उठले, आणि आत्याने त्यांना आग्रह केला नाही.

यानंतर आतोबा फार वर्षं जगले नाहीत. पण मला आठवते ती नव्या सभासदांच्या पहिल्या सभेची दुपार. जेवण झाल्यावर ते उठले, अंगणातून फाटकापर्यंत गेले आणि फाटकाला हात लावून तसेच उभे राहिले. आत्या ओटीवर सुपारी सोलत होती. तिने सुपाऱ्या तशाच बाजूला सारल्या, आत जाऊन लुगडं बदललं आणि चपला घालून बाहेर आली.

"इतकी वर्षं इथे आहे," ती म्हणाली, "रेवसहून लाँचने येणारी माणसं कशी उतरतात ते एकदा बंदरावर जाऊन बघितलं नाही. मला दाखवा."

दोघं गेली. ती दोघं अशी बरोबर बाहेर पडलेली मी तोवर पाहिली नव्हती. सभेला माझी जागा धरून ठेवली होती, पण मी गेलो नाही. ओटीवर बसून राहिलो. दिवेलागणीला ती परत आली तेव्हा दोघांच्या पायांना ओली वाळू होती आणि कशावरून तरी दोघं हसत होती. कशावरून, ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.