अडीच तासांवरचे भाऊजी

तुपात अनारसा सोडला की जो वास सुटतो ना, त्याबरोबर मला आमचे धाकटे दीर आठवतात आणि अजूनही डोकं फिरतं. आम्ही कोलकात्यात, विमानतळाजवळच्या डमडमला राहतो. विमानं गच्चीवरून इतकी खाली जातात की दोरीवरचे कपडे हलतात. दीर पुण्याला. फोनवर एकच पालुपद, "वहिनी, पुणे-कोलकाता म्हणजे काय, अडीच तास! आईनं नुसतं बोलवावं." आई बोलवून थकल्या, भाऊजी काही येईनात. एकदा मात्र कळवलं, गुवाहाटीला जाताना इथे विमान बदलायचंय, मध्ये बराच वेळ आहे, येऊन जातो. सासूबाईंना कोण आनंद! तीन दिवस तांदूळ भिजवले, पीठ मुरवलं, मला तळायला बसवलं आणि स्वतः गच्चीत खुर्ची टाकून प्रत्येक विमानाला विचारायच्या, "हेच का गं?" शेवटी फोन आला. "वहिनी, तुमच्या डोक्यावरूनच उतरलो! इथेच मस्त जेवतोय. बाहेर पडा, परत तपासणी, कोण कटकट करणार?" मी म्हटलं, "भाऊजी, पुण्याहून इथवरचे तास तुम्हाला पाठ आहेत. विमानतळावरून आईच्या खुर्चीपर्यंत किती लागतात, ते विचारलंत कधी कुणाला?" तर हसले, शहाणे! सासूबाईंनी एवढंच विचारलं, "नीट उतरला ना गं?" आणि अनारशांच्या डब्याला झाकण लावलं. आता त्या नाहीत. भाऊजी अजून तेच अडीच तास ऐकवतात. मी अनारसे तळते, पण वरून विमान गेलं तर मान वर करत नाही.