पांढऱ्या जोडीचा लेखी खुलासा

बढतीसाठी लोक काय काय करतात हो! कुणी साहेबांच्या घरी आंब्याची पेटी पोचवतो, कुणी साहेबांच्या घरच्या मुंजीलग्नात वाढपी होतो. मी काय केलं ते ऐकलंत तर हसाल. खुशाल हसा, पण आधी हातातला चहा संपवा, नाहीतर नाकातून येईल.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दरबारची कचेरी जाऊन सरकारची कचेरी आली होती. टेबलं तीच, फायली त्याच, ढेकूणसुद्धा तेच, फक्त साहेब नवे. पुण्याकडचे. अंगानं काटकुळे, पण नजर अशी की समोरच्याला आपली बटणं लागलीत की नाही ते चाचपावंसं वाटायचं. आणि त्याच सुमारास आमचे हेडक्लार्क पेन्शनीत निघाले.

त्या जागेवर माझा डोळा होता. का नसावा? दहा वर्षं आवकजावक सांभाळली होती. माझे वडील दरबारात जन्मभर पट्टेवाले होते. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्यांनी नोकरी काढली. जाताना म्हणाले होते, "बापू, दाराच्या आत बस रे." आत तर मी बसलो होतो, पण आता जरा पुढं सरकायचं होतं. शिफारस साहेब करणार होते, म्हणजे सगळं त्यांच्या मर्जीवर!

आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला पकडलं. मी खिडकीतून आकाशात बघत होतो.

"सावंत, वर काय आहे?"

"काही नाही, साहेब."

"मग खाली बघा. फायली खाली आहेत."

संपलं! सगळी कचेरी हसली. पण वर खरंच काहीतरी होतं. वर माझी कबुतरं होती.

आता हे तुम्हाला सांगायलाच हवं. मंगळवार पेठेत माझ्या माडीवर कबुतरांची ढाबळ होती. पाच जोड्या. त्यातली एक पांढरीशुभ्र गिरेबाज. सकाळी उडवली की ठिपक्याएवढी व्हायची, आणि मी "आ, आ" केलं की गिरक्या घेत थेट खांद्यावर. पेठेतले पैलवानसुद्धा मान मोडून बघायचे. बायको मात्र म्हणायची, "तुमच्या ह्या पाखरांनी माझं वाळवण नासलं, अंगण नासलं, एक दिवस तुमची नोकरी पण नासतील बघा!"

तिचं ते बोलणं आठवलं आणि मी ठरवलं. शौक बंद. हेडक्लार्क व्हायचं तर मान खाली.

चार जोड्यांचे पंख दोऱ्यानं बांधले आणि त्या मुरगूडच्या मेव्हण्याकडे धाडल्या. पंख का बांधायचे? कबुतर जुनी ढाबळ विसरत नाही. नव्या घरी पंधरा-वीस दिवस पंख बांधून ठेवावं लागतं. अंडी घातली की मग ते घर त्याचं. ढाबळवाल्यांच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं.

पण पांढऱ्या जोडीचे पंख माझ्याच्यानं बांधवले नाहीत. दोरा हातात घेतला की नर माझ्याकडे मान वाकडी करून बघायचा. शेवटी तशीच टोपलीत घातली आणि आमच्या दूधवाल्या आण्णाच्या हवाली केली. म्हटलं, "चांगलं घर बघून दे. आणि माझं नाव कुठं घेऊ नकोस."

"का वो बापू? चोरीची हाईत का काय?"

"अरे, मी हेडक्लार्क होणार आहे!"

हेडक्लार्क आणि कबुतर यांचा संबंध आण्णाला कळला नाही. त्यानं टोपली उचलली. माझ्या बायकोनं पदरानं डोळे पुसले, आणि मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "धूर गेला डोळ्यात." चूल विझलेली होती.

दुसऱ्या दिवशी आण्णा म्हणाला, "दिली बगा. एक सायेब हाईत, त्यांच्या म्हाताऱ्या बापासाठी घेतली. लई खूस झालं म्हातारं."

कोण साहेब, हे मी विचारलं का? नाही! आण्णाच्या लेखी पाटलोण घातलेला प्रत्येक माणूस साहेब. माझा पहिला गाढवपणा हा.

संध्याकाळी घरी येतो तो काय, पांढरी जोडी ढाबळीवर! आणि "नोकरी नासतील" म्हणणारी बायको ओंजळ भरून शाळूचे दाणे टाकतेय.

"अहो, बिचारी उपाशी होती."

आण्णानं जोडी परत नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पुन्हा नेली. आता तर आण्णाची सायकल घरी पोचायच्या आत ती पोचायला लागली. असं चार वेळा झालं.

"बापू," आण्णा वैतागून म्हणाला, "माझ्या म्हशी बी एवढ्या येळा घरला येत न्हाईत. त्या सायबाला आता माझाच संशय यायलाय की!"

इकडे कचेरीत मी मान खाली घालून अशी कामं उपसत होतो की मानेला रग लागायची. एक दिवस साहेबांनी आत बोलावलं. मला वाटलं, शिफारस! टोपी सारखी करून गेलो.

"सावंत, तुम्ही इथलेच. कबुतरांबद्दल काही माहिती आहे का तुम्हाला?"

कुणीतरी चुगली केली, साहेब परीक्षा घेताहेत, अशी माझी खात्रीच झाली. मी म्हणालो, "कबुतर? म्हणजे ते कावळ्यापेक्षा जरा लहान असतं, तेच ना साहेब?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कोल्हापुरात राहून कबुतर माहीत नाही?"

"घर आणि कचेरी, साहेब. मधलं मी काही बघतच नाही."

काय ते खोटं! जीभ झडली कशी नाही? साहेबांनी सुस्कारा सोडला. "मग राहू द्या. माझे वडील पायानं अधू झालेत. दिवसभर गच्चीत खुर्चीवर बसून असतात. त्यांच्यासाठी एका दूधवाल्याकडून पांढरी जोडी घेतली. पिंजरा उघडला की रोज पळून जाते. कुणीतरी भामटा दाणे टाकून फितवतोय तिला. सापडू दे, सरळ पोलिसांत देतो!"

मंडळी, त्या वेळी मी खुर्चीत असतो तर खाली घसरलो असतो. उभा होतो म्हणून नुसतं टेबल धरलं. तो भामटा साहेबांसमोर उभा होता, आणि दाणे टाकणारी भामटीण घरी शाळू निवडत होती!

खरं तर तिथंच हात जोडून सगळं सांगायचं. पण आत्ताच तर मी कबुतराला कावळ्याचा धाकटा भाऊ केला होता. आता कुठल्या तोंडानं सांगणार?

मी बेत केला. साहेब रविवारी सकाळी पन्हाळ्याला जाणार होते. तेवढ्यात गच्चीत जाऊन जोडीचे पंख बांधायचे, म्हणजे ती तिथं रुळेल, साहेब खूश, बढती पक्की. ओळख पटू नये म्हणून मी आण्णाचं धोतर नेसलो, त्याचा पटका बांधला आणि खांद्यावर घोंगडं टाकलं. बायको म्हणाली, "दिसताय खरे दूधवाले. पण चष्मा काढा की!" चष्मा काढला. मग मला जिनाच दिसेना. आण्णानं हाताला धरून साहेबांच्या राजारामपुरीतल्या गच्चीवर नेलं.

म्हातारे खुर्चीत बसले होते. पाय शालीत, डोळे पिंजऱ्याकडे. मी बसकण मारली, दोरा दातात धरला, आणि मादीला हातात घेऊन सराईतपणे पंख उलगडला.

"कोण हो तुम्ही?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"आण्णाचा पावणा जी. शाहूवाडीकडं म्हसरं राखतो."

"म्हशी राखणाऱ्याला कबुतर असं धरता येतं?"

"म्हसरावर बी बसत्यात की कबुतरं," मी म्हणालो. आण्णानं कपाळावर हात मारला.

आणि तेवढ्यात पिंजऱ्यातून नर सुटला. मला वाटलं, गेला घरी! पण घरी कशाला जाईल? त्याचं घर तिथं समोरच बसलेलं. एक गिरकी घेतली आणि माझ्या पटक्यावर उतरून घुमायला लागला. हातातली मादी पण सुटली, ती खांद्यावर. आणि जिन्यात पावलं वाजली. पन्हाळ्याची गाडी बंद पडली म्हणून साहेब परत आले होते.

"सावंत?"

माणसानं अशा वेळी काय करावं? मी घाबरून म्हणालो, "कोन सावंत? मी न्हाय बा!"

मी तरी निभावलं असतं. पण आण्णा! जन्मात खोटं बोलला नाही, दुधातल्या पाण्याचं तेवढं सोडा. तो म्हणाला, "सायेब, ह्योच सावंत हाय की! तुमच्याच कचेरीत हाय न्हवं? ह्याचीच हाईत ती पाखरं."

डोक्यावरचा नर घुमतच होता. मी सगळं ओकून टाकलं. बढती, आकाश, मुरगूड, शाळू, सगळं.

"अहो, पण कबुतरं सोडा असं मी कधी म्हटलं?" साहेब म्हणाले. "खिडकीबाहेर बघू नका म्हटलं होतं!"

म्हातारे मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "अरे, सहा महिन्यांत इतकं हसलो नव्हतो. ह्यांना दर रविवारी पाठव."

"रविवारचं नंतर बघू," साहेब म्हणाले. "उद्या अकरा वाजता माझ्या टेबलावर लेखी खुलासा पाहिजे. साहेबाशी खोटं का बोललात, त्याचा."

झालं! गेली हेडक्लार्की. आता गेलीच आहे तर निदान खरं लिहू, म्हणून मी बसलो आणि चार पानं लिहिली. कबुतर घरी का परततं, पंख कसा बांधतात, ढाबळीचं तोंड कुठल्या दिशेला असावं, आणि माणूस बढतीसाठी किती खुळा होतो. दहा वर्षांत असा कागद मी लिहिला नव्हता.

साहेबांनी तो दोनदा वाचला. मी पट्टेवाल्याच्या स्टुलाशेजारी उभा राहून वाट बघत होतो. मग आत बोलावलं.

"सावंत, तुमच्या आजवरच्या टिपण्या मी वाचल्यात. काहीही समजत नाही. हा कागद मात्र माझ्या वडिलांनासुद्धा समजेल. असं लिहिता येतं, तर मग इतके दिवस का लिहीत नव्हतात? शिफारशीला हाच जोडतो, लेखनाचा नमुना म्हणून. आणि पुन्हा खोटं बोललात तर जोडीसकट तुम्हाला मुरगूडला पाठवीन."

घरी आलो तर बायकोनं विचारायच्या आधीच ओळखलं. या वेळी डोळे पुसताना तिनं धुराचं नावसुद्धा काढलं नाही.

पांढरी जोडी पंख बांधून गच्चीत राहिली, आणि पुढं तिथंच अंडी घातली. दर रविवारी मी जायचो. बाकीच्या चार जोड्या मेव्हण्याकडून परत आणल्या. आणि दोन महिन्यांनी वरच्या कचेरीतून कागद आला. बढती मंजूर! सगळी कचेरी माझ्याभोवती जमली. साहेबांनी स्वतः पेढा दिला. तो तोंडात असतानाच माझी नजर खाली तांबड्या शाईच्या शेऱ्यावर गेली.

"सोबतचा खुलासा वाचला. सदरहू कबुतरे सरकारी आहेत की खाजगी, हे त्यावरून स्पष्ट होत नाही. संबंधित कारकुनाची चौकशी करून हेडक्लार्क यांनी अहवाल पाठवावा."

हेडक्लार्क कोण? मी. संबंधित कारकून कोण? तोही मीच! पाटी लागून अर्धा दिवस झाला नव्हता, आणि पहिली चौकशी स्वतःचीच करायची वेळ आली. केली बापडी. स्वतःला नोटीस काढली, स्वतःचा जबाब घेतला. कबुतरं खाजगी ठरली. कारकून दोषी निघाला, पण मी त्याला सक्त ताकीद देऊन सोडून दिलं.