एलिया सरांची प्रेसनोट

एलिया भिंगारदिवे सर आमच्या डेअरीचे जनसंपर्क अधिकारी होते. पद ऐकायला भारदस्त, प्रत्यक्षात एक टेबल, एक खडखडणारा पंखा आणि टायपिंगला मी. मी मुळात लॅबमध्ये दूध तपासणारी. पण सरांचं आणि कॉम्प्युटरचं कधी जमलं नाही, म्हणून दुपारनंतर मी त्यांचं हाताने लिहिलेलं टाइप करायला बसायचे.

राहुरीजवळच्या मिशनच्या शाळेतून सर निवृत्त झाले आणि त्यांच्या मराठीसाठी आमच्या मॅनेजर साहेबांनी त्यांना डेअरीत आणलं. दूध नासलं, टँकर उलटला, एखादा नमुना नापास झाला, की सरांची प्रेसनोट जायची आणि दोन दिवसांत सगळं थंड व्हायचं. ते मला शिकवायचे, "विजयमाला, खोटं एक अक्षर लिहायचं नाही. काय लिहायचं नाही, तेवढंच ठरवायचं." मला तेव्हा याचं फार कौतुक वाटायचं. आता त्या कौतुकाचाच राग येतो.

त्यांच्या चर्चमध्ये कुणी वारलं, की अंत्यविधीला मृताचं जीवनवृत्त वाचतात. जन्म, बाप्तिस्मा, नोकरी, मुलंबाळं आणि चार चांगल्या गोष्टी. गावातलं प्रत्येक जीवनवृत्त सरच लिहायचे. एका दारुड्याचं त्यांनी इतकं गोड लिहिलं होतं, की त्याची बायको रडता रडता शेजारणीला म्हणाली, "एवढा चांगला हुता व्हय?"

जोशुआ पारधे हा सरांचाच चौथीतला विद्यार्थी. आमच्याकडे शीतगृहाच्या मशीनवर होता. व्हॉल्व्हमधून अमोनिया झिरपतोय आणि दोन मास्कपैकी एक फाटलाय, हे त्याने रजिस्टरमध्ये तीन वेळा लिहून ठेवलं होतं. साहेबांनी तिन्ही वेळा सही केली आणि मास्क काही आला नाही.

मार्चमध्ये एका दुपारी चारच्या सुमारास तो व्हॉल्व्ह फुटला. सोनईच्या गोजरबाई आत क्रेट धूत होत्या. जोशुआने चांगला मास्क त्यांच्या तोंडावर चढवला, त्यांना बाहेर ढकललं आणि तसाच आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. बाहेर काढला तेव्हा तो बेशुद्ध होता. ॲम्ब्युलन्स नगरला निघाली आणि गोजरबाई आमच्या खोलीत येऊन बसल्या.

"मास्क त्याचा हुता सर," त्या म्हणाल्या. "माज्या तोंडाला लावला आन् मला भाईर ढकललं. मी न्हाई म्हनत हुते." सरांनी ऐकलं. मीही ऐकलं. सरांनी त्यांना पाणी दिलं.

मग साहेब आले. स्ट्रेचर त्यांनी स्वतः उचललं होतं, शर्ट घामाने चिंब होता, हे मी नाकारणार नाही. आवाज न चढवता ते म्हणाले, "भिंगारदिवे, टीव्हीवाले गेटवर आहेत. डेअरीचं नाव गेलं, तर आठ हजार घरांचं दूध उद्या कोण घेणार? तुम्हीच सांभाळा."

सरांनी सांभाळलं. नोटमध्ये एक वाक्य होतं: 'संबंधित कर्मचाऱ्याने त्या वेळी सुरक्षा मास्क परिधान केलेला नव्हता.'

मी विचारलं, "सर, गोजरबाईंचं?"

"यात खोटं काय आहे?" ते म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही. आणि मी टाइप केलं. मी काही कमी दोषी नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात जोशुआच्या नावासकट आलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा भोवला'. सर दिवसभर म्हणत राहिले, "हा शब्द माझा नाही. नावसुद्धा मी दिलं नव्हतं." त्यांची समजूत घालावी, असं मला अजिबात वाटलं नाही.

नऊ दिवसांनी जोशुआ गेला. त्या नऊ दिवसांत सर एकदाही नगरला गेले नाहीत. आत सोडत नाहीत म्हणे. सोडत होते, मी दोनदा जाऊन आले होते.

जोशुआची बायको क्रिस्टीना हिने जीवनवृत्त लिहायचा निरोप सरांनाच पाठवला. चर्च गच्च भरलं होतं आणि पहिल्या बाकावर पुष्पचक्र घेऊन साहेब बसले होते. सरांनी वाचलं. जन्म, बाप्तिस्मा, चौथीतलं सुंदर अक्षर, लग्न, मुलगी. 'कर्तव्यावर असताना झालेल्या अपघातात ते जखमी झाले व प्रभूच्या घरी गेले.' त्यांनी कागदाची घडी घातली.

बायकांमधून गोजरबाई उभ्या राहिल्या. त्या चर्चमध्ये पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांना वाटलं, सर विसरले.

"सर, मास्कचं ऱ्हायलं," त्या म्हणाल्या.

सरांनी घडी घातलेला कागद खिशात ठेवला. मग गोजरबाईंनीच सगळं सांगितलं, मोडकंतोडकं, पदराने तोंड पुसत. मी मान खाली घालून रडत होते.

संकट कसं हाताळावं, हे मात्र साहेबांकडून शिकावं. तिसऱ्या दिवशी गेटवर जोशुआचा हार घातलेला फोटो लागला. 'प्राणांची बाजी लावणारा आमच्या परिवाराचा वीर.' साहेबांच्या खंबीर नेतृत्वावर पेपरात लेखही आला. फाटक्या मास्कबद्दल त्यात काही नव्हतं आणि ते रजिस्टर पुन्हा कुणाला दिसलं नाही. वीराची प्रेसनोट साहेबांनी सरांकडेच मागितली होती. सरांनी राजीनामा दिला.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "क्रिस्टीनाकडे जायचंय. एकट्याला जमणार नाही." मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेले. ते फार खंगले होते.

क्रिस्टीनाने पाणी दिलं आणि समोर बसली. सर तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "एलियाभाऊ, मनाला लावून घेऊ नका. सुद्दीवर आल्यावर त्यांनी हास्पिटलात पेपर वाचला हुता. आवाज गेल्ता, पोरीच्या पाटीवर लिहायचे. मला लिहून दावलं, सरांना कुनी सांगितलं नसंल, ठावं असतं तर सरांनी असं लिहिलं नसतं. मी घरी आलो की सांगतो त्यांना."

मला वाटलं, सरांनी गप्प बसावं. खरंच वाटलं. आयुष्यभर जे जमलं, ते आज एकदा या बाईसाठी जमवावं.

"मला माहीत होतं, क्रिस्टीना," सर म्हणाले. "त्याच संध्याकाळी. लिहायच्या आधी."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"जाताना त्यांना तेवढंच बरं वाटत हुतं," ती म्हणाली. "आन् मला बी."

मग तिने ग्लास उचलले. "या आता, सर," असं म्हणून ती आत गेली.