तेल लावलेली डोकी

आमच्या संघटनेत पत्रक लिहावं तर मीच, असा तेव्हा माझा ठाम समज होता. दोन हजार सालानंतरची गोष्ट. हरसूलजवळच्या पाड्यावरच्या शाळेत नाशिकहून एक डॉक्टरीणबाई येणार होत्या. मुलांच्या डोक्याला तारांची टोपी घालून मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजायच्या, अर्धपोटी वाढण्याचा मेंदूवर काय परिणाम होतो ते बघायचं, असं त्यांचं काम. मी पत्रकात ठणकावून लिहिलं: मुलांना तेल लावून, भांग पाडून आणा, आपली मुलं कुणापेक्षा कमी नाहीत हे शहराला दिसू द्या.

आयांनी शब्दन् शब्द पाळला. सकाळी शाळेच्या ओट्यावर नुसती चकाकणारी डोकी. खुरासणीचं तेल कानामागून ओघळत होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिली तार चिकटवली, ती घसरून गालावर आली. तेलावर काही चिकटत नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मी पत्रक पिशवीत खोल सारलं.

एका आईचा जीव मात्र टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी ती गिरणारे गावाकडे द्राक्षबागांच्या कामाला निघणार होती. नऊ वर्षांच्या मुलीला सोबत न्यायचं, की मावशीकडे ठेवून शाळेत बसवायचं, हे ती या टोपीवर ठरवणार होती. गुरुजींनी पोर मंद असल्याचं सांगून टाकलं होतं. वर्षातले चार महिने जी पोर आईमागे मजुरीला जाते तिला मंद म्हणायचं, आणि वर पगार घ्यायचा.

हापशावर डोकी धुवायचं ठरलं. रिठे आले आणि एकच झुंबड उडाली. तेव्हा तीच मुलगी कट्ट्यावर चढली. वेण्यांवाल्यांनी आधी धुवून उन्हात बसायचं, बारीक केसवाल्यांनी मागाहून धुवून सरळ टोपीत जायचं, असं तिनं फर्मावलं. दुपार कलेपर्यंत सगळे उरकले.

आईनं भीत भीत विचारलं, "बाई, पोरीचं डोकं चालतंय का?"

"एकेका पोराची हुशारी ही टोपी सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आज माझं काम तुमच्या मुलीनं चालवलं. हे मला टोपीशिवाय दिसलं."

आई गुरुजींकडे वळली. तेही चपचपीत तेल लावून आले होते. "गुरुजी, तुमीबी डोकं धुवून बसा की टोपीत. बघू तरी."

सगळा ओटा हसला. गुरुजीही हसले, जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी आई टेम्पोत एकटीच चढली. मुलगी शाळेत पहिल्या रांगेत बसली होती, डोक्याला पुन्हा भरपूर तेल लावून.