चाचणीचे चार गुरुवार

पन्नाशीत नोकरी गेली की माणसाला धंद्याच्या कल्पना फार सुचतात. मला सुचली ती अशी: इंदूरच्या मराठी घरांतली मुलं पुण्या-बंगळूरला, आईबाप इथेच. त्या आईबापांना डॉक्टरकडे, बँकेत, बाजारात आपण न्यायचं आणि पैसे मुलांनी द्यायचे. मी कार्डं छापायलाच निघालो होतो. बायको म्हणाली, "आधी एका घरी फुकट करून बघा. चार गुरुवार. मग काय ते छापा."

मी वहीत तीन गृहीतकं लिहिली. म्हातारी माणसं परक्याबरोबर येतील. एक काम एका तासात होईल. मुलं खुशीने पैसे देतील.

चाचणीसाठी राजेंद्र नगरातल्या एक काकू मिळाल्या. एकट्या राहायच्या, मुलगा पुण्याला. पहिलं काम सोपं होतं. त्यांच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू निघाला होता, तो राजवाड्याजवळच्या दुकानातून बसवून आणायचा. मी दहाला पोचलो.

"अरे, इतकी काय जल्दी आहे? पोहे खाऊनच निघू."

पोहे झाले, वरून शेव झाली, चहा झाला, मुलाच्या लग्नाचा अल्बम झाला. परतलो तेव्हा दोन वाजून गेले होते. दुसरं गृहीतक तिथेच आडवं झालं. मला राग आला तो स्वतःचाच. आपल्याकडे कुणी घरी आलेल्या माणसाला तासाभरात सोडतं का?

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा तोच स्क्रू. तिसऱ्यालाही तोच. दुकानदाराने मला बाजूला घेतलं. "भिया, पेंच अपने आप नहीं निकल रहा. माताजी खुद खोलकर ला रही हैं."

मी काकूंकडे पाहिलं. त्या काउंटरवरच्या आरशात नवनव्या फ्रेमा लावून बघत होत्या, मजेत.

त्याच संध्याकाळी तिसरं गृहीतक तपासायला मी त्यांच्या मुलाला फोन केला.

"दादा, पैशांचं बिलकुल टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "तुम्ही आहात म्हणून तर मी दिवाळीचं तिकीट कॅन्सल केलं."

आणि मी त्याला थँक्यू म्हणालो. त्याची मला अजून लाज वाटते. मग सुचलं तेव्हा विचारलं, "काकूंना सांगितलंत?"

"तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकते ती."

चौथ्या गुरुवारी मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या: चाचणी संपली, आणि मुलगा येत नाही. रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो. काकू दारातच उभ्या होत्या, हातात पिशवी. चष्मा डोळ्यांवर होता, दोन्ही काड्या घट्ट.

"आज पोहे राहू दे," त्या म्हणाल्या. "चकलीच्या भाजणीचं सामान आणायचंय. दिवाळीला येतो तेव्हा त्याला पहिल्या दिवशी चकल्याच लागतात. चल लवकर, परत येऊन भाजायचंही आहे."

मी पिशवी घेतली. कोपऱ्यावरच्या किराण्यातून तांदूळ, डाळी, धने, जिरे, सगळं नीट निवडून आणलं.

त्या दिवशी पहिल्यांदा काम एका तासात झालं.